आणखी एक हात

माणसाला कोणतीही चांगली वस्तू उघडी पाहवत नाही. नवी खुर्ची घरी आली की तिच्यावरचे प्लास्टिक वर्षभर निघत नाही. दूरदर्शनसंचाचा रिमोट पिशवीत घालून वर रबराने आवळलेला असतो आणि त्यावरचे आकडे पिशवीतूनच चाचपावे लागतात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी तर सोफ्याला खोळ शिवली आणि ती खोळ मळू नये म्हणून तिच्यावर चादर टाकली. त्या सोफ्याचा मूळ रंग कोणता, हे त्यांच्या धाकट्या मुलाला अजून ठाऊक नाही.

हा छंद आजचा नव्हे. वराहमिहिराने सहाव्या शतकात लिहिलेल्या बृहत्संहितेत वज्रलेपावर एक स्वतंत्र अध्याय आहे. कच्ची टेंभुर्णे, कच्ची कवठे, सावरीची फुले, वेखंड असे काय काय द्रोणभर पाण्यात घालायचे, आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचे, त्यात गुग्गुळ, राळ, जवस, बेलफळ असे पदार्थ मिसळायचे आणि तो कढत लेप देवळांना, मूर्तींना, भिंतींना, विहिरींना द्यायचा. हा लेप किती टिकेल? वराहमिहिर बेधडक सांगतो, एक कोटी वर्षे! आमच्या मोटारीच्या चाकांवर जो लेप दिला गेला त्याची हमी दुकानदाराने दोन वर्षांची दिली होती. प्रत्यक्षात तो एक पावसाळाही धड टिकला नाही. मात्र काढायला गेलो तेव्हा तो कोटी वर्षे हलणार नाही असा चिकटून बसला होता. टिकायचे तेव्हा टिकत नाही आणि जायचे तेव्हा जात नाही, असा तो लेप होता. अशी माणसेही आपल्या पाहण्यात असतात.

'आमची मोटार' असे मी म्हटले खरे. पण ती दादांची, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंची. प्रीमियर पद्मिनी. ज्यांना हे नाव नुसते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवरून आठवते त्यांना सांगतो की त्या टॅक्सीही आता नाहीत. 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला. पण सोलापूरकराला या गाडीविषयी वाटणारा जिव्हाळा निराळा आहे. वालचंद हिराचंद आमच्या गावचे. 1882 साली ते सोलापुरात जन्मले आणि पुढे जहाजे, विमाने, मोटारी हे सारे याच देशात तयार झाले पाहिजे असा ध्यास त्यांनी घेतला. त्यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, कुर्ल्याला कारखाना उभा केला आणि पुढे फियाटच्या घराण्यातली ही पद्मिनी त्याच कारखान्यातून बाहेर पडली. दादा म्हणत, "ही सासरी कुर्ल्याला असेल, पण हिचं माहेर सोलापूर!" म्हणून असेल, माहेरपणाला आलेल्या लेकीचे करावेत तसे तिचे लाड ते करीत. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर एवढेच तिचे जग. त्यापलीकडे तिला नेणे म्हणजे दादांना अत्याचार वाटे.

दादा दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात गेले. आधीचे दोन महिने ते अंथरुणाला खिळून होते आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. त्यानंतरही ती कोणी हलवली नाही. पुतण्या पुण्याहून चैत्रात आला तेव्हा त्याने ताडपत्री उचलून पाहिले आणि त्याला भडभडून आले. वडिलांची गाडी गंजू द्यायची नाही, असे त्याने ठरवले. चाकांवर हल्ली एक रबरी रंग फवारतात. तो वाळला की चाकावर रबराची पातळ कातडी बसते. पाणी, चिखल, खडे यांपासून खालचा रंग वाचतो, आणि नको वाटेल तेव्हा ती कातडी केळ्याच्या सालीसारखी सोलून काढता येते. मुलाला ही कल्पना आवडली. एका दुकानाने पाच हात देण्याचे पैसे घेतले आणि चारही चाके काळी कुळकुळीत करून दिली. पुतण्या समाधानाने पुण्याला परत गेला.

आता रंगाचा 'हात' म्हणजे काय, हे घर रंगवून घेतलेल्या प्रत्येकाला माहीत असते. पैसे पाच हातांचे दिले तरी भिंतीला मिळतात दोनच. चाकांचेही तेच झाले. त्यातून एप्रिलमधली सोलापूरची दुपार! पारा बेचाळिसाच्या वर आणि उन्हात तापून निघालेला पत्रा. अशा वेळी फवाऱ्यातले थेंब चाकावर पोचण्याआधीच अर्धे वाळतात. मग ते एकमेकांत मिसळत नाहीत, वाळूसारखे नुसते येऊन बसतात. दिसायला काळा रंग, पण बोट फिरवले तर खरखरीत. कातडी म्हणून तयारच झालेली नाही. शिवाय चाके धुतली नव्हती. वरवर फडके मारून जे होते त्याच्यावरच फवारा सोडला होता. जूनमध्ये पाऊस आला आणि कडा सुटल्या. सुटलेल्या कडेतून पाणी आत गेले. आत जायला त्याला वाट होती, बाहेर यायला नव्हती. उघड्या पत्र्यावर पडलेले पाणी ऊन लागताच उडून जाते. लेपाखाली शिरलेले पाणी दिवसेंदिवस तिथेच मुक्काम करते. दिवाळीपर्यंत काळ्या रंगाला फोड आले होते आणि फोडांतून तांबडे पाणी ओघळत होते. ज्या गंजापासून चाके वाचवायची होती त्या गंजाला आम्ही पैसे मोजून घर बांधून दिले होते.

"भाऊजी, ते काळं काढून टाका," वहिनी म्हणाल्या. "चाकं होती तशी करा. मला ती ओळखू येत नाहीत."

वर्षभरात वहिनींनी कोणाकडे काही मागितल्याचे मला आठवत नव्हते. तेव्हा हे काम तडीस न्यायचेच, असे मी मनाशी ठरवले.

काढायचे म्हणजे सोलायचे. आम्ही नखाने कड उचलली. कपभर चहावरची साय निघावी तेवढा तुकडा हातात आला आणि तुटला. पुन्हा कड शोधली, पुन्हा तेवढाच तुकडा. अर्ध्या तासात पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा मोकळी झाली. हा वेग धरला असता तर वराहमिहिराच्या हिशेबाची आठवण ठेवावी लागली असती.

सोलापुरात एखादा माणूस अंगणात मोटारीपाशी उकिडवा बसलेला दिसला की सल्ला द्यायला गल्ली जमते. एकाने सांगितले, "थिनर मारा की, काका!" थिनरने काळा रंग निघाला असता यात शंका नाही, पण त्याच्याबरोबर खालचा मूळ रंगही विरघळण्याची भीती होती, आणि तो मूळ रंग वाचवण्यासाठीच तर हा सारा खटाटोप. दुसऱ्याने तारेचा ब्रश आणून दिला. ब्रशाला रंग नि लेप यांतला फरक कळत नाही; तो भेटेल त्याला खरवडतो. तिसऱ्याने कॉस्टिक सोडा सुचवला. पोलादाच्या चाकांना त्याचे एवढे भय नसते, परंतु रंगाचा तो वैरी. आणि हल्लीच्या गाड्यांना ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाके असतात, तिथे तर तो चुकूनही नेऊ नये. कॉस्टिक लागताच ॲल्युमिनियम फसफसू लागते, धातू विरघळतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. शाळेत तीस वर्षे मी हा प्रयोग मुलांना परीक्षानळीत दाखवला आहे. तो मोटारीवर करण्याची हौस मला नव्हती. चौथ्याने टर्पेंटाइनचे बोळे फिरवायला सांगितले. हा त्यातल्या त्यात शहाणा सल्ला. टर्पेंटाइनने रबर नरम पडते, हे खरे. पण नरम पडून त्याचा जो चिकट काळा काला होतो तो पुसता पुसता चाकभर पसरतो. एका चाकाच्या पाठीमागच्या बाजूला आम्ही करून पाहिले आणि थांबलो.

मग अण्णा आले. अण्णा आमच्या पूर्वभागातले, घरी तेलुगू बोलणारे पद्मसाळी. गिरणी चालू होती तोवर तिच्या सायझिंग खात्यात त्यांचे आयुष्य गेले. सायझिंग म्हणजे सुताला खळ देणे. मोटारीतले त्यांना काही कळत नाही आणि कळते असा त्यांचा दावाही नाही. त्यांनी चाकाकडे पाहिले, एक तुकडा सोलून बोटांत चुरला आणि म्हणाले, "मास्तर, हे काढायचं असलं तर अजून लावा."

गल्ली हसली. अण्णा हसले नाहीत. "पातळ हाय म्हणून तुटतंय. जाड करा, मग आपसूक निघतंय बघा. खळीच्या रुळावर पापुद्रा वाळला तर आम्ही कधी खरवडत नव्हतो. वर ताजी गरम खळ ओतायची. जुनी तिच्यात मऊ होती अन् दोघी मिळून निघतात."

मी विचार केला आणि मला ते पटले. रबरी रंग द्रावकात विरघळवलेला असतो. ताज्या रंगातले द्रावक खालच्या वाळलेल्या थराला मऊ करते, सुटे कण एकमेकांत मिसळतात आणि वाळताना जुने-नवे मिळून एकच कातडी होते. जाड कातडी ओढली तर तुटत नाही, ती खालची पकड सोडते. या धंद्यातले जाणकारही हाच उपाय सांगतात, हे मला मागाहून कळले. अण्णांना ते खळीने शिकवले होते.

आणि खळीइतकी शहाणी गुरू दुसरी कोण असणार? मागावर ताण्याचा प्रत्येक धागा फणीत हजारो वेळा घासला जातो. नुसते सूत ते सोसत नाही; त्याची कुसे सुटतात आणि ते तुटते. म्हणून त्याला स्टार्चची खळ देतात. खळ कमी पडली तर सूत कुसकुसते. जास्त झाली तर ते काडीसारखे ताठ होऊन मोडते. आमच्या जिल्ह्यातले घोंगडी विणणारे लोकरीला चिंचोक्याची खळ देतात, त्यांचाही अनुभव हाच. पण खळीचे खरे मर्म पुढे आहे. कापड विणून झाले की ती धुऊन काढायची असते. ती राहिली तर रंग नीट चढत नाही. म्हणजे लेप देतानाच तो काढायचा आहे हे विणकराला ठाऊक असते. कशासाठी दिला, किती दिवसांसाठी दिला आणि कसा काढायचा, या तिन्ही गोष्टी आधी ठरलेल्या असतात. गरम पाण्याने जाईल असेच संरक्षण तो सुताला देतो.

गड्ड्याची यात्रा आटोपली आणि जानेवारीची कोरडी, थंड हवा पडली तेव्हा आम्ही काम काढले. चाके साबणाच्या पाण्याने वरून धुतली, दिवसभर वाळू दिली. टायरवर रंग उडू नये म्हणून चाक आणि टायर यांच्या फटीत घरातले जुने पत्ते एकाला एक लावून खोचले. राजे, राण्या आणि गुलाम चाकाभोवती फेर धरून बसले. अण्णा स्टुलावर बसून हुकूम सोडीत होते. एक हात, मग अर्धा तास थांबायचे. दुसरा हात, पुन्हा थांबायचे. "घाई नको. ओल्यावर ओलं घातलं तर वघळ येतंय." पाच हात झाले. काळा रंग प्रथमच गुळगुळीत आणि तुकतुकीत दिसू लागला. दुकानदाराने जे काम पैसे घेऊन केले नव्हते ते आम्ही पूर्ण करीत होतो, तेही काढून टाकण्यासाठी! पुतण्याला फोनवर सांगितले तेव्हा त्याला वाटले काकांचे डोके फिरले.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर मी पुढच्या उजव्या चाकाची कड उचलली आणि ओढली. कातडी अखंड निघू लागली. चर्रर्र असा बारीक आवाज होत होता. निम्मे चाक उघडे पडले. खाली दादांच्या वेळचा रुपेरी रंग, मधूनमधून गंजाचे ठिपके. कातडीची आतली बाजू उलटी होऊन माझ्या हातावर आली, तेव्हा तिच्यावर दोन बोटे उमटलेली दिसली. एक पिवळे, एक लाल.

दसऱ्याला वहिनी गाडीच्या चाकांना हळदीचे बोट लावीत आणि त्याच्या शेजारी दादा कुंकवाचे बोट ओढीत. चाकांखाली लिंबे, पुढे झेंडूचा हार. दादा आजारी पडले ते त्या दसऱ्यानंतर आठवड्यानेच. गाडी पुढे धुतली गेलीच नाही, आणि दुकानदाराने चाके न धुताच रंग फवारला. त्याने मन लावून काम केले असते तर पहिल्या पाण्याबरोबर ती बोटे गेली असती. आम्ही थिनरचे बोळे फिरवले असते तरी गेली असती. दादांचे बोट रुंद होते, आणि कुंकू ओढताना शेवटी ते जरा डावीकडे वळवीत. ते वळणही तिथे होते.

वहिनींना हाक मारावी की न मारावी, हे मला कळेना. दादा गेल्यापासून त्यांच्यासमोर दादांचा विषय काढायचा नाही, असा घरात एक न ठरवलेला नियम झाला होता. कोणी आले की हवापाण्याच्या गोष्टी करी. दादांचा चष्मा, त्यांची काठी, वर्तमानपत्रांची कात्रणे आम्ही एकेक करून त्यांच्या नजरेआड केली होती. त्यांना जपावे, एवढाच सगळ्यांचा हेतू होता. अण्णांनी माझ्याकडे पाहिले आणि माझी वाट न बघता दाराकडे तोंड करून म्हणाले, "वैनी, जरा बाहेर येता का?"

वहिनी आल्या. त्यांनी ती कातडी हातात घेतली, बराच वेळ पाहिली. आम्हांला वाटले त्या आत निघून जातील. त्या पायरीवर बसल्या आणि बोलू लागल्या. त्या दसऱ्याला दादांनी झेंडू महाग म्हणून कशी घासाघीस केली, लिंबे आणायचे विसरून पुन्हा मंडईत कसे गेले, संध्याकाळी सोने वाटून आल्यावर छातीत जरा दुखते म्हणाले आणि त्यांनी ते कोणाला सांगू दिले नाही. मग दवाखाना, मग त्या रात्री. वर्षभरात आम्ही जे एकदाही ऐकले नव्हते ते सारे त्यांनी सलग सांगितले. मध्ये कोणी "जाऊ द्या वहिनी" म्हटले नाही. अण्णा मान हलवीत ऐकत होते. चहाची वेळ टळून गेली. तिन्हीसांजेला त्या उठल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बाकीची चाकं उद्या करा. अंधार पडला."

बाकीच्या तीन चाकांपैकी दोनांवर बोटे निघाली. एकावरची आमच्या पहिल्या दिवशीच्या नखांनी गेली होती. ते तुकडे वहिनींनी कुठे ठेवले, मी विचारले नाही.

जपणे म्हणजे काय, याविषयी तेव्हापासून मी अधूनमधून विचार करतो. पूर्वी गल्लीत कल्हईवाला येई. भांडे पुढे ठेवले की तो लगेच कथील फासत नसे. राखेने, वाळूने ते घासून घासून तांबे-पितळ उघडे करी, तापवून वर नवसागर टाकी, पांढरा धूर उठे, आणि मग कथिलाचा एक तुकडा कापसाच्या बोळ्याने क्षणात आतून फिरवी. सारा वेळ घासण्यात जाई. लेपाला निमिष पुरे. आणि ती कल्हईही कायमची नसे. ती झिजणार, काही महिन्यांनी पुन्हा करावी लागणार, हे गिऱ्हाइकालाही मान्य असे. पंढरपूरला 2020 च्या जूनमध्ये विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींना वज्रलेप झाला, तोही अशाच हिशेबाने. झीज होते, म्हणून लेप पुन्हापुन्हा द्यावा लागतो. पुढे 2024 च्या उन्हाळ्यात तिथला पदस्पर्श दर्शनाचा क्रम काही आठवडे थांबवून मंदिराचे जतन सुरू झाले, तेव्हा मुख्य काम काय होते? वेळोवेळी भक्तीने बसवलेल्या फरशा आणि आवरणे काढून जुना दगड मोकळा करणे. ज्यांनी ती बसवली त्यांचा भाव खोटा नव्हता. आमच्या पुतण्याचाही नव्हता. पण मायेने दिलेले आवरणसुद्धा कधीतरी कोणालातरी काढावे लागते, आणि ते काढणाऱ्याच्या वाटेचा विचार देणाऱ्याने केलेला असला तर त्याच्या मायेला पूर्णता येते.

मनावरच्या आवरणांचे गणित याहून वेगळे नसावे. दुःखावर आम्ही चार-दोन शब्दांचा पातळ हात देतो आणि निघून जातो. तो टिकत नाही, आणि ओढला तर तुकड्यातुकड्यांनी तुटतो. त्याला आणखी जाड व्हावे लागते; कोणीतरी शेजारी बसावे लागते, पुष्कळ वेळ बसावे लागते. मग ते एका दुपारी अखंड निघते.

चाकांवरचे गंजाचे ठिपके आम्ही घासले, त्यांवर रेड ऑक्साइड लावले आणि साधा रुपेरी रंग दिला. वर कोणताही लेप दिला नाही. यंदाच्या दसऱ्याला वहिनींनी हळदीचे बोट स्वतः लावले आणि कुंकवाच्या बोटासाठी पुतण्याला पुढे बोलावले. रात्री परतीच्या पावसाची सर आली. सकाळी पाहतो तर चाके धुऊन स्वच्छ झालेली, खाली फरशीवर जरासा तांबूस ओघळ. मला क्षणभर चुकल्यासारखे झाले. वहिनींनी तो ओघळ पाहिला, अंगण झाडले आणि म्हणाल्या, "भाऊजी, गाडी काढा. बरेच दिवसांत तुळजापूरला गेलो नाही."